ऐकणारा समाज आणि बोलणारा समाज

(शहादे तालुक्यातील एका बुद्धविहारात वर्षावासाच्या काळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मी जो विषय घेतला आहे तो ऐकून आपणांपैकी कित्येकांना नवल वाटेल. विहारात आपण भगवान बुद्धांच्या, बाबासाहेबांच्या, महात्मा फुल्यांच्या चरित्राचे मनन करतो. आज मी एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीवनकार्याविषयी बोलणार आहे. ते आपल्या प्रांतातले नव्हते आणि चळवळीच्या सभांत त्यांचे नाव कधी घेतले जात नाही. त्यांचे नाव जगदीशचंद्र माथुर. १९५५ पासून १९६२ पर्यंत ते नभोवाणीचे, म्हणजे ज्याला आपण रेडिओ म्हणतो त्या खात्याचे महासंचालक होते. त्यांच्या कारकीर्दीत मराठी मुलुखातील दीडशे खेड्यांत एक प्रयोग झाला. त्या प्रयोगातून जो प्रश्न निघतो तो आपल्या हक्काचा प्रश्न आहे. समाजाने नुसते ऐकावे, की ऐकून बोलावेही, हा तो प्रश्न होय.

प्रथम हे खाते कसे उभे राहिले ते थोडक्यात पाहू. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते एका खाजगी कंपनीचे होते. तीन वर्षांच्या आत, १९३० साली, कंपनी बुडाली आणि ध्वनिक्षेपण सरकारच्या हाती गेले. १९३६ साली त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. तेव्हापासून कित्येक दशके या देशाच्या आकाशातून कोणाचा आवाज जावा आणि कोणाचा जाऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार एका सरकारी कचेरीकडे राहिला. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या गावच्या चावडीवर उंच आवाजात बोलण्याचीही मुभा नव्हती, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. जुन्या काळी पोथी ऐकण्याचा अधिकार कोणाला, हा वाद होता. नव्या काळात यंत्रापुढे बोलण्याचा अधिकार कोणाला, हा वाद आला.

बाबासाहेबांनी या यंत्राचे सामर्थ्य पुरते ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी नभोवाणीवरून हिंदी कामगारांची बाजू मांडली. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी त्याच नभोवाणीवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, हे त्यांनी त्या भाषणात साऱ्या देशाला ऐकविले. दीक्षाभूमीवरील सोहळ्याला त्या वेळी दोन वर्षे अवकाश होता.

आता माथुरांच्या चरित्राकडे वळू. त्यांचा जन्म १९१७ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे झाला. अलाहाबाद विद्यापीठात शिक्षण घेऊन १९४१ साली ते आय. सी. एस. मध्ये दाखल झाले आणि बिहार प्रांतात त्यांची नेमणूक झाली. हिंदी वाचकांना ते नाटककार म्हणून ठाऊक आहेत. ‘कोणार्क’ हे त्यांचे नाटक प्रसिद्ध आहे. सूर्यमंदिर बांधणाऱ्या शिल्पकारांचे व कारागिरांचे दुःख त्यात आहे. मंदिर राजाच्या नावाने ओळखले जाते, पण दगड ज्यांनी फोडला त्यांचे नाव कोणी विचारीत नाही, याची जाणीव या सरकारी अधिकाऱ्याला होती.

परंतु आपल्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. बिहारमधील हाजीपूर येथे अंमलदार असताना, १९४५ साली, त्यांनी वैशाली महोत्सव सुरू करविला आणि वैशाली संघ नावाची संस्था उभी करण्यास चालना दिली. ज्या वैशालीचे नाव आपण धम्मग्रंथांत वाचतो तेच हे ठिकाण. त्या काळी ते बसाढ या नावाचे एक साधे खेडे होते. आजूबाजूच्या लोकांना आपल्या मातीचे मोल ठाऊक नव्हते. माथुरांनी ते लोकांच्या ध्यानात आणून दिले.

वैशालीचे मोल काय, हे आपण नवदीक्षित कुटुंबांनी विशेष समजून घेतले पाहिजे. तेथे वज्जींचे गणराज्य होते. एकटा राजा हुकूम सोडतो आणि प्रजा ऐकते, अशी तेथील रीत नव्हती. लोक सभेत जमत, विचारविनिमय करीत आणि निर्णय घेत. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर स्वारी करण्याचा बेत करू लागला, तेव्हा त्याचा मंत्री वस्सकार भगवंतांकडे आला. भगवंतांनी आनंदाला एकामागून एक सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकोप्याने जमून एकोप्याने उठतात काय? वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय? स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत ना? जोवर ते असे वागतील तोवर त्यांची भरभराटच होईल, ऱ्हास होणार नाही, असे भगवंतांनी सांगितले. सैन्य किती, हत्ती किती, खजिना किती, हे विचारलेच नाही. पहिला प्रश्न एकत्र जमण्याचा होता. याच वैशालीत महाप्रजापती गौतमीला प्रव्रज्या मिळाली आणि संघाचे दार स्त्रियांना उघडले, हेही येथे लक्षात असू द्यावे.

अशा भूमीशी ज्याचा संबंध आला तो अधिकारी १९५५ साली नभोवाणीचा महासंचालक झाला. त्याच्या कारकीर्दीत अनेक घटना घडल्या. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा आरंभ झाला. शहरांत या गोष्टींची अधिक वाहवा झाली. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो १९५६ सालचा पुण्याचा प्रयोग.

त्याची हकीगत अशी. युनेस्को या जागतिक संस्थेच्या साहाय्याने नभोवाणीने असे ठरविले की, खेड्यातील माणसाला रेडिओवरून नुसते ऐकवून भागते काय, हे एकदा पारखून पाहावे. कॅनडा देशात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळे चालत असत. शेजारीपाजारी एका घरी जमायचे, कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग काही कृती करायची, असा त्यांचा प्रघात होता. तोच प्रघात मराठी खेड्यांत आणावा असे ठरले. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे खेडी निवडण्यात आली. प्रत्येक गावी सुमारे पंधरा-वीस माणसांचे मंडळ बनविले. मंडळाला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोन वेळा पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हावयाचा. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, गावचा कारभार असे रोजच्या जीवनातील विषय त्यांत असत.

कार्यक्रम संपला म्हणजे रेडिओ बंद करावयाचा आणि खरे काम तेथून सुरू व्हावयाचे. मंडळींनी ऐकलेल्या गोष्टीवर बोलावयाचे. सांगितले ते आपल्या गावाला लागू पडते काय? खर्च कोणी करावा? आपल्या जमिनीत हे बी उगवेल काय? चिटणिसाने चर्चेचा सारांश लिहून शंका पुण्याला पाठवावयाच्या आणि केंद्राने पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे द्यावयाची. म्हणजे जो आवाज आजवर वरून खाली येत होता, त्याला खालून वर जाण्याची एक पायवाट मिळाली.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तपासणीचे प्रमुख होते प्राध्यापक पॉल न्यूरॅथ. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. हिटलरच्या राजवटीत दाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत त्यांना कोंडले होते. तेथून सुटून ते अमेरिकेत गेले आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या देशात एकट्या हुकूमशहाचा आवाज घराघरांत घुमत होता आणि लोकांना नुसते ऐकावे लागत होते, तेथील नरक त्यांनी भोगला होता. ऐकणे आणि बोलणे यांतील अंतर त्यांच्याइतके कोणाला कळणार?

त्यांनी मोजणी करताना एक चोख पद्धत ठेवली. मंडळ असलेली गावे एकीकडे घेतली. ज्या गावी रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे दुसरीकडे घेतली. आणि ज्या गावी रेडिओही नाही अशी गावे तिसरीकडे घेतली. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष असा निघाला की, मंडळाच्या गावी लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे मात्र फारसा फरक पडला नाही. बंधूंनो, हा निष्कर्ष नीट ध्यानात घ्या. रेडिओ दोन्ही गावी होता. कार्यक्रमही तोच होता. फरक पडला तो चार माणसे बसून बोलली त्यामुळे. माथुर आणि न्यूरॅथ या दोघांनी मिळून या प्रयोगाचा ग्रंथ लिहिला आणि तो युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. जगातील अनेक देशांत त्याचा अभ्यास झाला.

असे का घडले याचे कारण उघड आहे. जो नुसता ऐकतो त्याला सांगणारा थोर वाटू लागतो आणि स्वतः आपण लहान वाटू लागतो. जो ऐकून प्रश्न विचारतो त्याच्या बुद्धीला काम मिळते. कालामांना भगवंतांनी हेच सांगितले. केवळ कानी आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पारखून पाहा. पारखण्यासाठी माणसाला अक्षरओळख हवीच असे नाही; परंतु त्याला बरोबरीने बसण्याची जागा हवी.

येथे आपला प्रश्न सुरू होतो. प्रयोगाचे साल १९५६ होते. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी ब्रिटिश नभोवाणीवरून आपल्याला बुद्धधम्म का प्रिय आहे हे सांगितले. त्याच महिन्यात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’साठी दिलेल्या भाषणात त्यांनी भारतातील लोकशाहीच्या भवितव्याचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे होते की, लोकशाहीची मुळे लोकांच्या परस्परसंबंधांत, सहजीवनात शोधावी लागतात. निवडणुका होतात एवढ्याने लोकशाही सिद्ध होत नाही. जेथे समाज जातीजातींत चिरलेला आहे तेथे ती मुळे धरणार कशी? आणि ऑक्टोबर महिन्यात नागपूर येथे आपण धम्मदीक्षा घेतली.

तेव्हा या प्रयोगाकडे बाबासाहेबांच्या कसोटीने पाहिले पाहिजे. गावचा रेडिओ कोठे ठेवला जाई? चावडीत, शाळेत, देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्या वाड्यात. तेथे जाऊन बसण्याचा हक्क संविधानाच्या १५ व्या आणि १७ व्या कलमांनी आपल्याला दिला होता. अस्पृश्यतेचे आचरण हा गुन्हा ठरविणारा कायदाही १९५५ साली झाला होता. परंतु कायद्याने उंबरठा ओलांडता येतो, बैठकीत मान मिळतोच असे नाही. पंधरा-वीसांच्या मंडळात एका माणसाला कोपऱ्यात बसविले आणि त्याला काय वाटते हे कोणी विचारलेच नाही, तर ते मंडळ वैशालीची सभा होत नाही. ती जुनी चावडीच राहते. आणि जेथे गावातील स्त्रियांना यायलाच मिळत नाही तेथे अर्धे गाव मुके राहते. रेडिओची लहर जात पाहत नाही, हे खरे. पण लहर जेथे उतरते त्या ओसरीला जात असते.

माथुरांच्या कार्याला मर्यादा होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. कारण व्यक्तिपूजा आपल्याला नको. मंडळाने प्रश्न विचारावे, परंतु विषय कोणता घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार कचेरीकडेच राहिला. बी कोणते पेरावे यावर चर्चा झाली तरी ज्याला पेरायला जमीनच नाही त्याने काय बोलावे? पुढे १९५९ साली ही योजना देशभर लागू झाली आणि मंडळांची संख्या हजारोंच्या घरात गेली. पण संख्या वाढली तसा जिव्हाळा आटला. अनेक मंडळे कागदावरच राहिली. पुढे छोटे ट्रान्झिस्टर रेडिओ घरोघर आले, ज्याचा त्याचा रेडिओ ज्याच्या त्याच्या उशाशी गेला आणि एकत्र बसून ऐकण्याची रीत मोडली.

आपल्या या भागाचे म्हणाल तर १९५६ च्या पाच जिल्ह्यांत खानदेश नव्हता. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हा सारा मुलूख त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. खानदेशात जळगावचे आकाशवाणी केंद्र आले ते १९७६ साली. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. सातपुड्याच्या कुशीतील भिल्ल आणि पावरा बांधवांची बोली निराळी. त्यांना पुणेरी मराठीत सांगितलेली शेती ऐकावी लागली तर ती त्यांच्या कानापर्यंत पोहोचेल, अंतःकरणापर्यंत पोहोचणे कठीण. आपल्या वस्तीचा प्रश्न आणि त्यांच्या पाड्याचा प्रश्न यांत फार अंतर नाही. दोघांविषयी दुसरेच बोलत आले.

तथापि काळ अगदीच थांबून राहिला नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. २००६ साली लोकसंस्थांना स्वतःचे छोटे रेडिओ केंद्र काढण्याची परवानगी मिळाली. आणि २००८ साली झहीराबादजवळील माचनूर या खेड्यात, आजच्या तेलंगण राज्यात, ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो चालविण्यासाठी पुढे आल्या त्या गावोगावच्या गरीब दलित स्त्रिया. आपले बियाणे, आपली गाणी, आपले आजार, आपली मजुरी या विषयांवर त्या स्वतःच्या बोलीत बोलल्या. ध्वनिमुद्रण त्यांनीच केले आणि यंत्रही त्यांनीच हाताळले. १९५६ साली विषय कचेरी ठरवीत होती. येथे विषय शेतात राबणाऱ्या बाईने ठरविला. माथुरांनी जी पायवाट पाडली ती या भगिनींनी रस्त्याएवढी रुंद केली, असे मी मानतो.

आता आपण काय करावे? लगेच नभोवाणी केंद्र काढा असे मी सांगत नाही. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल फोन आहे आणि त्यातून दिवसभर आवाजांचा पूर वाहत असतो. खरे, खोटे, भय घालणारे, भुरळ पाडणारे, सारेच त्यात असते. आपण ते एकेकटे ऐकतो आणि तसेच पुढे धाडतो. रेडिओ असलेल्या पण मंडळ नसलेल्या गावाची जी स्थिती न्यूरॅथ यांना आढळली तीच स्थिती आज आपल्या घराघरांत आहे.

यास्तव माझी सूचना अशी की, प्रत्येक विहारात पंधरवड्यातून एकदा श्रवणमंडळ भरवावे. बुद्धवंदनेनंतर एक तास पुरे आहे. एक विषय घ्यावा. कधी शिष्यवृत्तीचा अर्ज, कधी रेशन, कधी जातीचा दाखला, कधी रोजगार हमीची मजुरी, कधी बाबासाहेबांचे एखादे भाषण. ते सर्वांनी एकत्र ऐकावे किंवा वाचावे आणि मग बोलावे. मंडळात निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि प्रथम बोलण्याचा मान त्यांना द्यावा. कारण शेवटी वेळ उरत नाही हा सर्व सभांचा अनुभव आहे. शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीला चिटणीस करावे. तिने वहीत तारीख घालून प्रश्न लिहावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्यात मिळत नाही तो ग्रामसभेत मांडावा, तलाठी किंवा तहसील कचेरीकडे लेखी पाठवावा आणि पोच घ्यावी. उत्तर आले की तेही वहीत चिकटवावे. शेजारच्या पाड्यावरील भिल्ल व पावरा बंधु-भगिनींना बोलवावे आणि त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. आपल्याला जे कोपऱ्यात बसणे नको होते ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आपल्या विहारात येऊ नये.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? त्याला माझे उत्तर हे की, वहीत लिहिलेला प्रश्न विसरता येत नाही आणि पोच घेतलेला अर्ज नाकारता येत नाही. ज्या मुलीने बारा वर्षांची असताना वीस माणसांपुढे वही वाचून दाखविली, ती बावीस वर्षांची झाल्यावर कोणत्याही कचेरीत मान खाली घालून उभी राहणार नाही. हक्क कागदावर मिळतात. ते बजावण्याची सवय मात्र बैठकीत लागते.

जगदीशचंद्र माथुर १९७८ साली निधन पावले. अधिकाराच्या जागेवर अनेक माणसे येतात आणि आपला आवाज दूरवर पोहोचविण्यातच धन्यता मानतात. दूरच्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत कसा येईल याची व्यवस्था करणारे अधिकारी विरळा. माथुरांनी ती काही काळ, काही गावांपुरती का होईना, करून दाखविली. म्हणून त्यांचे नाव आज घेतले. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या अशा अधिकाराच्या जागी बसला, कोणी मुलगी वृत्तनिवेदक झाली, कोणी केंद्राची संचालिका झाली, तर तिने आपल्या यंत्रावर किती लोक ऐकतात एवढेच मोजू नये. किती लोक बोलतात तेही मोजावे.

पुढल्या पौर्णिमेला या विहारात पहिली बैठक भरावी, असा ठराव अध्यक्ष महाशयांनी सभेपुढे ठेवावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.